एका चुकलेल्या बातमीचे उपकार

बातम्यांच्या त्या कचेरीत तिला सगळे ‘तोफ’ म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण पाठ वळायची वाटही कुणी फारशी बघत नसे. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. तेविसाव्या वर्षी हातात माईक घेऊन ती रस्त्यावर उतरली तेव्हापासून तिचा एकच खाक्या होता. गोदामाला आग लागो की पुलाला तडा जावो, सगळ्यांच्या आधी पोचायचं आणि सगळ्यांच्या आधी बोलायचं. बोलायची तेही असं की, ऐकणाऱ्याचा हातातला घास हातात राहावा. चौतिशी गाठेपर्यंत संध्याकाळी आठचा कार्यक्रम तिच्याकडे आला होता. पाऊण तास बातम्या आणि शेवटची तीन मिनिटं तिचं स्वतःचं भाष्य. त्या तीन मिनिटांसाठी लोक टीव्ही लावतात, असं तिचे संपादक साहेब म्हणायचे, आणि साहेब कुणाचं उगाच कौतुक करणाऱ्यांतले नव्हते.

घरी मात्र तिची एक पक्की टीकाकार बसलेली असे. तिच्या सासूबाई. त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून तीस वर्षं काढली होती. रोज आठ वाजता खुर्ची टीव्हीपुढे ओढायच्या आणि सून घरी आली की तिच्या पुढ्यात ताट ठेवता ठेवता हिशोब चुकता करायच्या.

“आज त्या पाहुण्याला तू एक वाक्य धड पुरं करू दिलं नाहीस. आम्ही असे कॉल मध्येच तोडले असते ना, तर मेमो हातात पडला असता.”

“आई, टीव्हीवर वेळ कमी असतो हो.”

“मग कमी माणसं बोलव.”

तिचा नवरा जमिनी मोजायच्या कामावर महिन्यातले वीस दिवस बाहेर असायचा. त्यामुळे हे दोन बायकांचं घर होतं, आणि कुरबुरीसकट ते चांगलं चाललं होतं.

एका मंगळवारी दुपारी शहर वाहतुकीची एक बस भर रस्त्यात वाकडी झाली, दुभाजक ओलांडून पलीकडच्या फर्निचरच्या दुकानात घुसली. एकोणीस जण जखमी झाले. कुणी दगावलं नाही हे नशीबच. तोफ नेहमीप्रमाणे पहिली पोचली. दुकानाची काच रस्त्याभर पसरली होती, एक नवी कोरी पलंगाची चौकट बसच्या तोंडात अडकली होती, आणि ड्रायव्हरला स्ट्रेचरवरून नेत होते. बंदोबस्ताच्या अधिकाऱ्याला तिने गाठलं.

“शुद्धीवर नाही तो,” अधिकारी म्हणाला. “बडबडत होता काहीतरी. आणि तोंडाला वास येतोय.”

“दारूचा?”

“आता दुसरा कसला असणार?”

एवढंच. दोन मिनिटांनी ती कॅमेऱ्यापुढे उभी होती आणि तिच्या तोंडून ते वाक्य गेलं, “आज ही बस माणसानं नाही, बाटलीनं चालवली.”

वाक्य असं झकास जमलं होतं की आठच्या भाष्यात तिने ते पुन्हा घेतलं. दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या तोंडी होतं. वर्तमानपत्रांनी मथळे केले, दुसऱ्या वाहिन्यांनी उचललं, साहेबांनी सगळ्यांसमोर टेबलावर थाप मारून “याला म्हणतात वाक्य!” असं म्हटलं. घरी सासूबाईंनी ताट वाढलं आणि विचारलं, “त्यानं घेतली तेव्हा तू तिथं होतीस?”

“आई, अधिकाऱ्यानं सांगितलं. वास येत होता.”

“वास,” म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी टीका केली नाही, आणि तोफेला ते उगाच खुपत राहिलं.

गुरुवारी फाटकावरच्या रखवालदाराचा फोन आला. “मॅडम, एक बाई आल्यात. तुम्हालाच भेटायचं म्हणतात. हातात कसला तरी कागद आहे.”

रोज दहा माणसं कागद घेऊन यायची. ती म्हणाली, “ठेवून जायला सांगा.”

“सांगितलं. ठेवायला तयार नाहीत.”

शुक्रवारी पुन्हा तेच. शनिवारीही तेच. ती बाई दुपारी एकच्या सुमाराला यायची, पाऊण तास उभी राहायची आणि निघून जायची. आरडाओरडा नाही, रडारड नाही. सोमवारी रखवालदार म्हणाला, “मॅडम, त्या बसच्या ड्रायव्हरची बायको आहे ती.” तोफेने पुढ्यातली फाईल ओढली. तिला खाली जायला वेळ नव्हता. म्हणजे तेव्हा तिने स्वतःला असंच सांगितलं. पुढे ती हा किस्सा सांगायची तेव्हा स्पष्ट म्हणायची, “वेळ होता. हिंमत नव्हती.”

मंगळवारी मागच्या फाटकापाशी गटाराचं खोदकाम निघालं आणि सगळ्या गाड्या पुढच्या फाटकानं सोडायला लागले. त्यामुळे गाठ पडली. नाहीतर पडली नसती. गाडी फाटकापाशी थांबली, आणि खिडकीबाहेर ती बाई उभी. पस्तिशीची असेल. अंगात शिवणकामाचा निळा एप्रन, छातीशी ओळीनं खोचलेल्या टाचण्या. जेवणाची सुट्टी मोडून आली होती हे उघडच होतं. आता काच खाली करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

“बोला,” तोफ म्हणाली.

“तुमचं ते वाक्य,” ती बाई म्हणाली, “आमच्या गल्लीतली पोरं म्हणतात. माझी मुलगी शाळेतून येते तेव्हा तिच्या मागून म्हणत येतात. छान जमलंय.”

त्या बाईने हातातला कागद उलगडला.

“हा दवाखान्याचा कागद. रक्तात दारूचा थेंब निघालेला नाही. बुधवारपासून आहे माझ्याकडे. सगळीकडे फिरले. सगळे म्हणतात, बघू. तुम्ही पहिल्यांदा बोललात, म्हणून तुमच्याकडे आले.” तिने खिडकीतून कागद आत दिला. “ही प्रत आहे. खरा घरी आहे. निघते, माझी सुट्टी संपली.”

आणि ती खरंच निघून गेली. मागे वळूनही पाहिलं नाही.

तोफेने गाडीतच तो कागद तीनदा वाचला. मग गाडी दवाखान्याकडे वळवली. तिथल्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या आणि त्यांच्या नाकावर माशी बसत नव्हती. “आता आलात होय?” म्हणाल्या. “त्याला मधुमेह आहे. त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. साखर फार वाढली की रक्तात आम्ल साठतं, माणूस भ्रमल्यासारखा बोलतो, आणि श्वासाला एक गोडसर वास येतो. नेलपॉलिश पुसायचं पाणी असतं ना, तसा. न कळणाऱ्याला दारू वाटते. कळणाऱ्याला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. मी त्या मंगळवारीही इथेच होते.”

ड्रायव्हर आता सावध होता. वाळून काटकी झालेला माणूस. तोफेला ओळखून तो उठून बसायला लागला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. पण तो विचारत होता, “जखमी लोक कसे आहेत? त्या हिरव्या साडीतल्या आजी पुढच्याच सीटवर होत्या. त्यांचं काय झालं?”

आजींचा हात मोडलाय पण त्या घरी गेल्या आहेत, एवढं तिला ठाऊक होतं. ते ऐकल्यावर त्याने डोळे मिटले. मग हळूहळू सांगायला लागला. महिनाभर सारखी तहान लागायची. पाणी प्यायलं की लघवीला सारखं उतरावं लागायचं. दोनदा फेरीला उशीर झाला तर डेपोतल्या साहेबांनी लिहून घेतलं. मग त्याने पाणीच बंद केलं. त्या आठवड्यात तर त्याला सलग दोन-दोन पाळ्या होत्या.

“म्हणजे तुम्ही तहान मारून गाडी चालवत होता?”

“उशीर होऊ नये म्हणून,” तो ओशाळून म्हणाला, जणू चूक त्याचीच होती.

खरी बातमी ही होती. ती त्या मंगळवारीही तिथेच, स्ट्रेचरवर पडलेली होती, आणि तोफ तिच्या अंगावरून उडी मारून पुढे गेली होती.

ती तडक साहेबांकडे गेली. साहेबांनी कागद वाचला, परत केला. “वाईट झालं. खालच्या पट्टीत चालवू. ‘तपासणीत मद्य आढळले नाही.’ दोन दिवस फिरवू.”

“साहेब, मी ते वाक्य तोंडानं म्हटलंय. रस्त्यावर एकदा, आठ वाजता पुन्हा. पट्टी कोण वाचतं?”

“म्हणूनच पट्टी,” साहेब म्हणाले. मग जरा मवाळ झाले. “हे बघ. लोक आपल्यावर विश्वास ठेवतात म्हणून हे दुकान चाललंय. तू आठ वाजता बसून ‘मी चुकले’ म्हणालीस की उद्यापासून प्रत्येक बातमीला लोक विचारतील, आज खरं की परवा खरं? त्या बाईबद्दल मला वाईट वाटतंय. पण नाही. हा विषय इथे संपला.”

साहेब दुष्ट नव्हते. ही गोष्ट सांगताना तोफ तेही आवर्जून सांगते. ते घाबरलेले होते, आणि घाबरायला त्यांच्याकडे कारणं होती.

त्या संध्याकाळी तिने भाष्य लिहून दिलं ते रस्त्यांवरच्या खड्ड्यांबद्दल. समोरच्या पडद्यावर खड्ड्यांची अक्षरं सरकायला लागली. आणि तोफ त्यांच्याकडे न बघता सरळ कॅमेऱ्याच्या भिंगात बघून बोलायला लागली.

“गेल्या मंगळवारी याच खुर्चीत बसून मी तुम्हाला एक खोटी गोष्ट सांगितली. मला ती खरी वाटली होती, पण मी ती तपासली नव्हती.”

कानातल्या यंत्रात एकदम कल्लोळ झाला. कुणीतरी ओरडलं, “हे काय चाललंय? जाहिरात लावा!” नियंत्रण कक्षात बटणांपाशी बसायचे ते तिथले सगळ्यांत जुने निर्माते. त्यांना सगळे ‘आजोबा’ म्हणत. नियमाप्रमाणे त्यांनी एक बटण दाबलं असतं की पडद्यावर साबणाची जाहिरात आली असती आणि सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं. निवृत्तीला त्यांचे चौदा महिने उरले होते. तोफ बोलत होती, पण तिची पाचावर धारण बसली होती, शब्द एकमेकांवर आपटत होते. तेवढ्यात कानात आजोबांचा आवाज आला. रोज वेळ सांगायचे, अगदी तस्साच.

“अजून एक मिनिट चाळीस सेकंद आहेत. घाई करू नकोस. नीट सांग.”

तिने श्वास घेतला आणि नीट सांगितलं. कागदात काय आहे, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, तहान मारून गाडी चालवणं म्हणजे काय, त्याच्या मुलीच्या मागून रस्त्यात काय म्हणतात. शेवटी म्हणाली, “ते वाक्य माझं आहे. त्या माणसाचा त्याच्याशी काही संबंध नाही. ज्यांच्या तोंडी ते बसलंय त्यांनी ते मला परत द्यावं.”

स्टुडिओतले दिवे विझल्यावर ती खुर्चीतच बसून राहिली. आजोबा काचेमागून बाहेर आले, तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि म्हणाले, “पाच सेकंद जास्त घेतलेस. उद्या बघून घे.”

तो उद्या काही आला नाही. तिला कार्यक्रमावरून काढलं. आजोबांना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली आणि पुढचे चौदा महिने येईल त्याला कौतुकाने दाखवली. तोफ घरी बसली. दोन महिने. पहिल्या संध्याकाळी सासूबाईंनी ताट वाढलं आणि समोर बसल्या. मग म्हणाल्या, “मी एकदा चुकीचा नंबर जोडून दिला होता. फोनवर वाचून दाखवायची तार होती, मरणाची. भलत्याच घरात सांगितली गेली. चूक कळल्यावर मी ड्युटी संपवून त्या घरी चालत गेले होते. सगळ्या वाटेवर वाटत होतं, परत फिरावं.” त्यांनी वाटी पुढे सरकवली. “काल तू एकही वाक्य मध्ये तोडलं नाहीस. चांगली बोललीस.”

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. सासूबाईंच्या तोंडून ‘चांगली’ हा शब्द ती पहिल्यांदा ऐकत होती. ताटावरच तिला रडू फुटलं. “आधी जेव,” सासूबाई म्हणाल्या, “भाजी निवतेय.”

लोकांच्या प्रतिक्रिया म्हणाल तर दोन्ही तऱ्हेच्या आल्या. कित्येकांनी लिहिलं, म्हणजे बाकीचे दिवस तुम्ही थापाच मारता तर. पण दुसऱ्या आठवड्यापासून कचेरीत वेगळीच पत्रं यायला लागली. एका शिक्षकाने लिहिलं, तीन वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या शाळेचं नाव चुकीचं घेतलं होतं, भांडण दुसऱ्या शाळेत झालं होतं. एका दुकानदाराने लिहिलं, भेसळीच्या बातमीत दाखवलेलं दुकान माझं होतं, भेसळ शेजारच्याची होती. रखवालदाराच्या टेबलावर दोन पोती साठली. साहेब आठ दिवस त्या पोत्यांकडे बघून न बघितल्यासारखं करत होते. नवव्या दिवशी एक पोतं खोलीत ओढून नेलं, दार लावलं आणि संध्याकाळपर्यंत वाचत बसले.

मग त्यांनी तोफेला बोलावलं. “ही सगळी माणसं अजून आपल्याला बघतात,” ते म्हणाले. “एवढं होऊन बघतात. मला वाटलं होतं, चुका दाखवल्या की माणसं जातात. शनिवारी सकाळी दहा मिनिटं देतो. नाव काय ठेवायचं ते तूच ठरव.”

तिने नाव ठेवलं ‘आमचं चुकलं’. कचेरीतल्यांनी आधी कपाळाला हात लावले. ज्याची बातमी शनिवारी लागायची तो आठवडाभर तोंड चुकवत फिरायचा. पण हळूहळू असं झालं की बातमीदार अधिकाऱ्याला विचारायचे, “तुम्ही स्वतः पाहिलंत का?” आणि अधिकारी वैतागून म्हणायचे, “आली शनिवारवाली मंडळी!” बसच्या बातमीचा पाठपुरावा तोफेने सोडला नाही. सात महिन्यांनी प्रत्येक मार्गाच्या टोकाला ड्रायव्हर-कंडक्टरांसाठी स्वच्छतागृह आलं, सलग दोन पाळ्या बंद झाल्या, आणि त्या ड्रायव्हरला डेपोच्या भांडारात बसून करायचं काम मिळालं.

ती दहा मिनिटं बावीस वर्षं चालली. तोफेला पुढे आठचा कार्यक्रमही परत मिळाला, मानसन्मान मिळाले, परदेशांतून बोलावणी आली. तिला विचारलं की ती म्हणायची, “मी माईक हातात घेतला तेविसाव्या वर्षी, पण मला बातमीदार केलं ते चौतिसाव्या वर्षी, दोघातिघांनी मिळून.” आजोबांच्या घरी ती ते असेपर्यंत दर महिन्याला जाऊन यायची. सासूबाईंनी शेवटच्या आजारातही शनिवार चुकवला नाही. डोळ्यांनी दिसेना तेव्हा नुसतं ऐकायच्या, आणि सून आली की म्हणायच्या, “आज जरा भरभर बोललीस.”

राहिली होती ती एकच. कागद देऊन गेलेली ती बाई. त्या दिवसानंतर ती कधी कचेरीत फिरकली नाही. कार्यक्रमाला बोलावलं तर आली नाही. नवऱ्याकडून नुसता निरोप आला, “काम आहे.” तोफ निवृत्त झाली त्याच्या पुढच्याच सोमवारी पत्ता शोधत तिच्या दुकानी गेली. आता तिची स्वतःची शिवणाची खोली होती. तीन यंत्रं, भिंतीला टांगलेले कागदी साचे, आणि खिडकीपाशी ती, चष्मा लावून काज करत बसलेली. केस निम्मे पांढरे.

“या,” ती म्हणाली. आश्चर्य वाटल्याचं काही दाखवलं नाही. “बसा. ते स्टूल ओढा, तिथली टाचणी बघून.”

तोफ बसली. तेहतीस वर्षं कॅमेऱ्यापुढे बोललेली बाई, पण वाटेत जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. शेवटी सरळ म्हणाली, “ताई, मी आभार मानायला आलेय. उशीर झाला. तुम्ही तेव्हा चार दिवस उभ्या राहून पाचव्या दिवशी आला नसतात तर मी तशीच राहिले असते.”

“आभार कसले?” ती हसली. “मी तुमच्याशी भांडायला येत होते. रोज उभी राहून मनात शिव्या घोळवायचे. एकाहून एक. तुम्ही काच खाली केलीत आणि मी सगळ्या विसरले.” तिने दोरा दातानं तोडला. “नवऱ्याला मी म्हटलं होतं, ही बया कागद कचऱ्यात टाकणार. तो म्हणाला, नाही टाकणार. त्या दिवशी आम्ही आठ वाजता तिघं बघत बसलो होतो. मुलीने टीव्हीचा आवाज इतका मोठा केला, सगळ्या गल्लीला ऐकू जावा म्हणून. शेजारीपाजारी दारात येऊन उभे राहिले. तिने टीव्ही बंद केला आणि दप्तर काढून अभ्यासाला बसली. आठ दिवसांनी पहिल्यांदा.” मग म्हणाली, “ती आता डॉक्टर आहे. साखरेचीच.”

बाहेर कुणीतरी कपडे न्यायला आलं, त्याला गठ्ठा देऊन ती परत आली, आणि चष्म्यावरून तोफेकडे टक लावून बघायला लागली.

“एक विचारू? राग नाही ना येणार?”

“विचारा.”

“तुमचे ते कोट कोण शिवायचं? बावीस वर्षं बघतेय दर शनिवारी. उजवा खांदा खाली बसतो. इतकं डोळ्यांत जायचं की मला अर्ध्या बातम्या ऐकू यायच्या नाहीत.”

तोफ खो खो हसत सुटली. “अहो, मग कळवायचंत! पत्र टाकायचंत!”

“आता आलात ना,” ती म्हणाली आणि गळ्यातली टेप हातात घेतली. “उभ्या राहा. सरळ. खांदे सैल सोडा. आणि बोलू नका हं, माप चुकतं.”

तोफ सरळ उभी राहिली. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. टेपचं थंड टोक मानेमागे टेकलं, तशी तिने खांदे सैल सोडले आणि गप्प राहिली.